फक्कीची तिरकी रेघ

सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा गिरमिटबाई दात घासत होत्या.

"आत्ता येता का?" पलीकडून बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी नव्या ठेकेदाराच्या कागदावर सही करायचीय आणि माझा हात पुढे होत नाहीये."

गिरमिटबाईंनी चूळ भरली आणि पिशवी उचलली. पिशवीत कायम असायच्या त्या वस्तू होत्या: छिन्नी, हातोडी, पोलादी पट्टी, भिंग. रस्ते खात्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या रस्त्यांना गिरमिटानं भोकं पाडून नमुने काढले होते. नाव तिथंच पडलं. त्या माणसांनाही तशीच भोकं पाडतात, असं खात्यातला शिपाई म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. गिरमिटबाईंच्या मुलीच्या अक्षराला त्यांनी वळण लावलं होतं. त्या फाटकातच उभ्या होत्या. फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत चाळीस फुटांची वाट. सव्वा महिन्यापूर्वी तिच्यावर डांबर पडलं होतं. आता उजवीकडचा भाग खाली बसला होता, चिरा गेल्या होत्या, मधेच वीतभर खड्डा होता. त्या खड्ड्यातच अठराव्या दिवशी सरांच्या चाकाच्या खुर्चीचं पुढचं चाक अडकलं आणि सर तोंडावर आपटले. सर म्हणजे बाईंचे यजमान. चित्रकलेचे मास्तर, चार वर्षांपासून खुर्चीत. खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे ते इस्पितळात होते.

"शुक्रवारी सोडणार आहेत," बाई म्हणाल्या. "पण आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचंय. डॉक्टर म्हणाले, खुर्ची दारापासून फाटकापर्यंत सुखरूप येत असेल तरच घरी पाठवतो, नाहीतर सहा महिने शुश्रूषागृहात. आणि हे म्हणतात, तिथे ठेवलंस तर मी जेवणार नाही."

"म्हणून नवा ठेकेदार."

"एका दिवसात करून देतो म्हणतो. छोट्यानं शोधलाय."

छोट्या म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. वय पन्नास, तरी छोट्याच. आई लवकर गेली, तेव्हा बाईंनीच त्याला वाढवलं होतं. सात वर्षं कुठल्या कुठल्या बांधकामांवर परमुलखात होता. दोन महिन्यांपूर्वी परतला आणि बहिणीच्या घराजवळच खोली घेऊन राहिला.

गिरमिटबाई गुडघ्यांवर बसल्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हे सोपं नाही, पण उभ्यानं रस्ता कळत नाही. त्यांनी कडेचा एक तुकडा उचकटला. पट्टी लावली. डांबराचा थर जेमतेम दीड बोट होता. खाली खडी नाही, मुरूम नाही, नुसती माती. त्यांनी तुकडा नाकाशी नेला.

"जळकं इंजिन ऑइल. काळं कुळकुळीत दिसावं म्हणून. बाई, हा रस्ता नाही, हा मातीला लावलेला रंग आहे. मला पहिल्यापासून सांगा. डांबरच का निवडलंत?"

"तीन गोष्टी होत्या. काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि डांबर. काँक्रीट टाकलं की वाळेपर्यंत वाट बंद. ब्लॉकवरून खुर्ची खडखडते, यांची पाठ दुखते. छोट्या म्हणाला, डांबर गुळगुळीत, एका दिवसात चालू."

"आणि टोळी?"

"मंगळवारी सकाळी ट्रक येऊन उभा राहिला. मुकादम गोड बोलायचा. म्हणाला, पुढच्या चौकात सरकारी काम चाललंय, गरम माल उरलाय, वाया जाण्यापेक्षा अर्ध्या दरात टाकतो. पण आत्ताच हो म्हणा, माल थंड होतो."

गिरमिटबाईंनी डोळे मिटले. हे वाक्य त्यांनी इतक्या फसलेल्यांच्या तोंडून ऐकलं होतं की पुढचं त्याच सांगू शकल्या असत्या. पावती नाही, पत्ता नाही, पैसे दुपारीच रोख, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

"तुम्ही लगेच हो म्हणालात?"

"मी काय इतकी खुळी आहे?" बाई चिडल्या. "छोट्याला फोन केला. तो बाहेरगावी होता. म्हणाला, अर्धा तास दे, चौकशी करतो. मग त्याचाच फोन आला, एका ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं, माणसं चांगली आहेत, करून घे. त्याचीही फसवणूकच झाली की. सर पडले तेव्हा त्यानंच उचललं. लहान मुलासारखा रडत होता."

गिरमिटबाई उठून वाटेवरून चालल्या. हातोडीनं ठोकत ठोकत. उजवीकडे पोकळ आवाज. मधे पोकळ. आणि मग एकदम टणक.

त्या थांबल्या. पुन्हा ठोकलं. फाटकाच्या डाव्या खांबापासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत दोन फूट रुंदीची एक तिरकी पट्टी जशीच्या तशी शाबूत होती. बाकीची वाट बसली, ही बसली नव्हती.

"इथं त्यांनी खरवडलंच नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "जुन्या घट्ट जमिनीवरच काळं फासलं. बाकी सगळीकडे यंत्रानं चार बोटं माती ढिली केली. बाई, पाण्याची टाकी हल्ली हळू भरते का हो?"

बाई बघतच राहिल्या. "तुम्हाला कसं कळलं? आधी तासात भरायची. आता दोन लागतात."

"पाइप कुठून जाते?"

"मला नळ उघडायचा तेवढा माहीत. ही पाइप पाच वर्षांपूर्वी प्लंबरनं नव्यानं टाकली. त्या दिवशी मी शाळेत होते. त्याआधीची घर बांधतानाची, तेव्हा मी सहा महिने प्रशिक्षणाला बाहेर होते."

"टोळीला पाइपबद्दल कुणी काही सांगितलं?"

"मी नाही. सर खिडकीशी होते, ते बाहेर येऊच शकत नव्हते. आणि त्यांनी विचारलंही नाही."

विचारलंही नाही. गिरमिटबाईंनी हे वाक्य मनात नीट ठेवून दिलं.

शेजारच्या काकांनी दार अर्धवटच उघडलं. निवृत्त कारकून, या घरात येऊन तीन वर्षं झालेली. गल्लीतल्या प्रत्येकाला ते पेव्हर ब्लॉकचे फायदे ऐकवायचे.

"त्या मंगळवारी ट्रक तुमच्या फाटकापुढे उभा होता," गिरमिटबाई म्हणाल्या.

"रस्ता सरकारी आहे. कुणीही उभं राहील."

"मुकादमाशी बोललात?"

"छे. मी कशाला बोलू?"

"चहा दिलात म्हणे."

"कुणी सांगितलं?" काका लालबुंद झाले.

कुणीच सांगितलं नव्हतं. पण काकांच्या फाटकाशी, ब्लॉक खचून पडलेल्या खळग्यात, ताज्या डांबराचं दीड हात ठिगळ होतं. गिरमिटबाईंनी त्याच्याकडे फक्त बघितलं. काकांच्या पाचावर धारण बसली.

"दोन घमेली फुकट टाकून दिलं हो त्यांनी. चहाबद्दल. बाईंच्या घरी एवढं झाल्यावर कुठल्या तोंडानं सांगू? पण मी बोलावलं नाही कुणाला, शपथ."

"बाईंची पाण्याची पाइप कुठून जाते माहीत आहे?"

"मला माझी माहीत नाही, त्यांची कशी असेल?"

ब्लॉकचा एवढा मोठा कैवारी, आणि फुकटच्या डांबरानं विरघळला. गिरमिटबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

प्लंबर एका इमारतीच्या तळघरात मोटार उघडून बसला होता. टोळीची हकिगत, हळू भरणारी टाकी आणि पाइपबद्दलचा प्रश्न ऐकताच त्यानं पाना खाली ठेवला.

"पाच वर्षांपूर्वी मीच टाकली. जुनी लोखंडी गंजून गेली होती. तिचं तोंड बंद करून जमिनीतच सोडून दिली, उकरण्यात कुणाला हौस आहे? नवी प्लास्टिकची उजव्या भिंतीच्या कडेनं नेली."

"जुनी कुठून होती?"

"डाव्या खांबापासून तिरकी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत."

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सरांना. त्यांनीच टाकली होती म्हणे, घर बांधताना, बाईंचा भाऊ हाताशी होता. गवंडी होता एक, तो वारला बिचारा. का हो? माझ्यावर संशय आहे काय?"

"होता. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत."

"मी टोळीत असतो, तर माझीच पाइप चेचू दिली असती?" प्लंबर म्हणाला आणि पुन्हा मोटारीकडे वळला.

दुपारी इस्पितळात सर उशीला टेकून बसले होते. छोट्या त्यांना सफरचंदाच्या फोडी करून देत होता. एकेक साल पातळ, एकसारखी.

"नवा ठेकेदार कसा आहे?" गिरमिटबाईंनी विचारलं.

"या वेळी मी स्वतः काम पाहिलंय, मॅडम," छोट्या म्हणाला. "नमुनासुद्धा आणलाय. ताईला पुन्हा फसू देणार नाही."

त्यानं पिशवीतून डांबराचा तुकडा काढला. गिरमिटबाईंनी तो हातात घेतला, वास घेतला आणि परत दिला.

"आणि ती आधीची टोळी? तुम्ही त्यांना भेटला होतात?"

"भेटलो असतो तर असं झालं असतं का? ना भेटलो, ना बोललो. त्या इंजिनिअरनं सांगितलं, मी विश्वास ठेवला. आता तोही फोन उचलत नाही." त्याचे डोळे भरून आले. "मलाच चपलेनं मारावंसं वाटतं."

तो चहा आणायला गेल्यावर गिरमिटबाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"सर, त्या दिवशी खिडकीतून काय दिसलं?"

सरांनी हातातली सफरचंदाची फोड बशीत ठेवली. मग म्हणाले, "ट्रक आला. मुकादम उतरला. अजून आमची ही बाहेरसुद्धा आली नव्हती. त्यानं खिशातून एक चिठोरं काढलं, बघितलं आणि फक्की मारली. दोन रेघा. तिरक्या."

फक्की म्हणजे खोदण्याआधी जमिनीवर आखायची चुन्याची पांढरी भुकटी.

"कुठून कुठे?"

"डाव्या खांबापासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत. चित्रकलेच्या मास्तरला रेघ विसरता येत नाही."

"तुम्हाला त्यात काही वाटलं नाही?"

सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "झोप येतेय मला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी दहा वाजता सगळे बाईंच्या पायरीशी जमले. बाई, छोट्या, शेजारचे काका, प्लंबर. नव्या ठेकेदाराचा कागद बाईंच्या हातात होता. फाटकाबाहेर एक हवालदार मोटारसायकलला टेकून उभा होता. गिरमिटबाईंनी त्याला सकाळीच गाठलं होतं, पण ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"सही करायला माझी हरकत नाही," गिरमिटबाई म्हणाल्या. "फक्त या वेळी पाइपला धक्का नको. पाइप कुठून जाते ते आखून ठेवू. छोटूभाऊ, घर बांधताना तुम्ही होतात ना? तुम्हीच आखा."

त्यांनी फक्कीची पिशवी पुढे केली. प्लंबर काहीतरी बोलणार होता. गिरमिटबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं तोंड मिटलं.

छोट्यानं पिशवी घेतली. जराही अडखळला नाही. डाव्या खांबापाशी वाकला आणि पांढरी रेघ ओढत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत गेला. मग दोन फुटांवर दुसरी. हात झटकून म्हणाला, "हे एवढं सोडायचं. बाकी खुशाल खोदा."

"अहो, पण पाइप तिथं नाहीच!" प्लंबरला राहवलं नाही. "पाच वर्षं झाली!"

छोट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"बसा बाई," गिरमिटबाई म्हणाल्या. "सांगते ते ऐकायला जड आहे.

"असल्या टोळ्यांची एक रीत असते. त्या आधी पाइप कुठे आहे ते काढतात. सज्जनपणामुळे नाही. भर दुपारी पाइप फुटली तर काम थांबतं, प्लंबर येतो, खड्डा खणतो, आणि खाली खडीच नाही हे सगळ्यांना दिसतं. म्हणून पाइपची पट्टी सोडून बाकी खरवडतात. तुमच्याकडे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. आल्या आल्या, तुम्ही दार उघडायच्या आत, चिठोरं बघून फक्की मारली. म्हणजे सांगणारा आधीच सांगून बसला होता. उरलेला माल, पुढच्या चौकातलं काम, सगळी थाप. ते ठरवून तुमच्याच घरी आले होते.

"आता सांगणारा कोण? जो कोण असेल त्यानं चुकीची जागा सांगितली. त्यांनी मेलेली पाइप जपली आणि जिवंत पाइपवरून यंत्र फिरवलं. सांधा ढिला झाला, पाणी झिरपत राहिलं, टाकी उशिरा भरायला लागली आणि उजवी बाजू खचली. प्लंबरला नवी पाइप माहीत, तो ही चूक करणार नाही. काकांना जुनीही माहीत नाही, नवीही नाही. सरांना दोन्ही माहीत. गवंडी हयात नाही. जुनी माहीत आणि नवी माहीत नाही, असा या जगात एकच माणूस उरतो. घर बांधताना होता आणि पाइप बदलली तेव्हा परमुलखात होता. काल तो मला म्हणाला, टोळीला ना भेटलो, ना बोललो. आणि आज त्यानं टोळीचीच रेघ माझ्यासमोर पुन्हा काढली."

गिरमिटबाईंनी बाईंच्या हाताकडे बोट केलं.

"तुमच्या हातातला कागदही त्याच मुकादमाचा आहे, फक्त नाव दुसरं. नमुन्याला तोच जळका वास आहे. या कागदावरही पत्ता नाही."

"ताई," छोट्या म्हणाला. "मी त्यांच्यासाठी घरं शोधायचो. एवढंच काम. तिकडं कामावरून काढलं, इकडं कुणी उभं करेना. ते म्हणाले, थर पातळ असतो पण दोन वर्षं निघतात. मला वाटलं दोन वर्षं निघतील."

"आणि दुसऱ्यांदा?" बाईंनी विचारलं. "हे पडल्यावर?"

"नाही म्हणालो तर सगळं सांगतो म्हणाले."

"यांना तू उचललंस. इस्पितळात रात्री जागलास. काल सफरचंद कापून भरवलंस. तेव्हा तुला माहीत होतं."

छोट्यानं मान खाली घातली.

"वर बघ. मी शाळेत पोरांना नेहमी सांगायचे, बोलताना वर बघ."

त्यानं वर पाहिलं. बाईंनी कागदाचे चार तुकडे करून त्याच्या खिशात कोंबले. मग हवालदाराला हाक मारली. छोट्यानं तिथंच मुकादमाचा पत्ता सांगितला, गोदाम सांगितलं, ट्रकचा नंबर सांगितला. चौकीत तक्रारीच्या अर्जात 'आरोपीशी नाते' असा रकाना होता. हवालदार म्हणाला, तो मोकळा ठेवला तरी चालतो. बाईंनी त्यात 'सख्खा भाऊ' असं लिहिलं, आणि पोरांच्या अक्षराला वळण लावणाऱ्या बाईंना 'सख्खा' हा शब्द खोडून पुन्हा लिहावा लागला.

काँक्रीटला वेळ नव्हता. गिरमिटबाईंनी दोन दिवस उभं राहून मुरूम आणि खडी टाकून घेतली, पाणी मारलं, रोलर फिरवला. प्लंबरनं सांधा बदलला. काकांनी स्वतःच्या अंगणातले दोन ट्रॉली ब्लॉक उकरून आणून कडेला लावले, आणि या वेळी फायदे ऐकवले नाहीत. गिरमिटबाई म्हणाल्या, सहा महिने हे खुर्चीला पुरेल, मग काँक्रीट टाकू.

शुक्रवारी दुपारी सर घरी आले. खुर्ची फाटकापासून पायरीपर्यंत न अडखळता गेली. बाई मागून ढकलत होत्या.

"छोट्या दिसत नाही," सर म्हणाले.

बाईंनी सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. बाई थांबल्या, वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की या माणसाला आश्चर्य वाटलेलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"फक्की मारली तेव्हा मला बरंच वाटलं," सर हळूच म्हणाले. "वाटलं, छोट्यानं काळजी घेऊन पाइप सांगितली, जुनी का होईना. पडल्यावर तो मला म्हणाला, मी त्यांना ओळखतही नाही. तेव्हा कळलं."

"तीन आठवडे."

"अगं, तुला तो एकटाच आहे. म्हटलं, मोडलंय ते माझं हाड आहे. तुझं कशाला मोडू?"

"आणि मी बुधवारी सही करणार होते ते? तुम्ही पुन्हा त्याच रस्त्यावरून आला असता. बसला असता गप्प?"

बाईंनी खुर्चीचा ब्रेक लावला. त्या समोर येऊन पायरीवर बसल्या, नवऱ्याच्या गुडघ्यांशी, पण त्याच्याकडे पाठ करून.

"मला जपायचं म्हणून दोघंही माझ्याशी खोटं बोललात," त्या म्हणाल्या. "तो चोर, त्याला चौकीत तरी देता आलं. तुम्हाला कुठे देऊ?"